एक तरी बुडबुडा दाखवा

आधी चहा संपवा, मग सांगते. मागे हे ऐकताना माझ्या भावजयीच्या नाकातून चहा आला, आणि वर तीच मला म्हणते, "तुमच्यापायी माझी साडी गेली!" तेव्हापासून मी कप रिकामे झाल्याशिवाय तोंड उघडत नाही.

मी शहाणी बाई आहे हे नाशकात बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी स्वतः जाऊन सांगून आले. शाळा चौथीपर्यंत, पण तोंड पार कॉलेजच्या पुढे. तर अशा या शहाण्या बाईने भर द्वारका चौकात, पन्नास माणसांच्या देखत, आपली अक्कल साबणाच्या बादलीत कशी बुडवली त्याची ही गोष्ट.

माझा धंदा लग्नाच्या भांड्यांचा. हजार माणसांचं जेवण होईल एवढी पातेली, पराती, झारे, पाण्याचे पिंप, सगळं भाड्याने द्यायचं. आधी टेम्पोवाल्यांच्या मिनत्या करायला लागायच्या. मग आमच्या मालकांनी लिलावात एक ट्रक घेतला. मालक म्हणजे माझा नवरा. नावालाच मालक बरं का!

बोगद्याच्या कामाला एक परदेशी कंपनी आली होती. काम झालं, साहेब गेले, आणि त्यांचा जुना पिकअप ट्रक मागे राहिला. तोंड म्हशीसारखं रुंद, पेट्रोल पिणारही म्हशीसारखा. आणि ऑटोमॅटिक! क्लच नाही. गियर टाकायचे नाहीत, गाडी मनानेच टाकते. मोबाईल अजून आले नव्हते तेव्हाची गोष्ट ही; ऑटोमॅटिक ट्रक कुणी ऐकलाही नव्हता. लोक खिडकीतून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "तिसरं पेडल चोरीला गेलं का हो?"

मालकांना तो चालवता येईना. आयुष्यभर टेम्पो चालवलेला माणूस. त्यांचा डावा पाय सारखा क्लच शोधायचा आणि जोरात ब्रेकवर पडायचा. तीनदा माझं डोकं काचेवर आपटलं. चौथ्यांदा मी म्हटलं, "उतरा खाली!" आणि मीच बसले. मला काहीच चालवता येत नव्हतं, म्हणजे विसरायचंही काही नव्हतं. चार दिवस तपोवनाच्या मैदानात गोल गोल फिरवला आणि पाचव्या दिवशी मी ट्रकवाली बाई झाले. लायसन? काढलं हो नंतर. तुम्ही काय पोलीस आहात का?

दोन वर्षं बरी गेली. मग लग्नसराईच्या तोंडावर ट्रक बिघडला.

सिग्नलला उभा केला की थंडीतापाच्या माणसासारखा थडथडायचा. मागची पातेली एकमेकांवर वाजायची, जणू आम्ही वरात घेऊनच निघालोय. मनाने गियर बदलायचा तो आता पाठीत लाथ घातल्यासारखा बदलायचा. आणि ब्रेक! दोन्ही पायांनी दाबला तरी दगड. पंचवटीत भाजीबाजाराच्या गल्लीत एकदा गाडी थांबेचना. शेवटी थांबली ती एका बाईच्या मेथीच्या ढिगापासून वीतभर. बाई म्हणाली, "जुडी घ्यायचीय का जीव?" मी पाच जुड्या घेतल्या. तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणून घेतल्या, नाहीतर मी भाव केल्याशिवाय घेणारी नाही.

त्यात येत्या रविवारी विंचूरला रामदासभाऊंच्या मुलीचं लग्न. सहाशे माणसांचं जेवण. पंचवटीतल्या एका मंडपवाल्याने भाऊंचे कान भरले होते, "बाईच्या आणि त्या भुताच्या गाडीच्या भरवशावर लग्न ठेवू नका." तरी भाऊंनी काम मला दिलं. मी छाती ठोकून सांगितलं होतं, "भाऊ, बाराच्या आत पातेली चुलीवर नाही चढली तर मी धंदा बंद करीन." मोठ्याने सांगितलं होतं. चारचौघांत.

म्हणून बुधवारी गेलो द्वारकेजवळ युसूफमिस्त्रींकडे. साठीचा माणूस, कमी बोलणारा. अख्ख्या नाशकात या गाडीला हात लावणारा तो एकटा. त्याने बॉनेट उघडलं, डोळे मिटले आणि कान लावून ऐकलं, डॉक्टर छाती ऐकतो तसं. मलाही ऐकू आलं. कुठूनतरी बारीक सूंऽऽ आवाज येत होता. मग त्याने घड्याळासारखं एक मीटर नळीने इंजिनाला जोडलं. आत सुई होती.

"ताई, ही सुई अठरा-वीसवर गप उभी पाहिजे. बघा, बारावर कापते. व्हॅक्यूम लीक आहे."

"म्हणजे?"

"हवेचा लीक. गाडीचं थरथरणं, गियरचा झटका, ब्रेक कडक, तीन आजार नाहीत, एकच आहे. कसं आहे ताई, इंजिन हवा..."

"कळलं, कळलं! हवा लीक आहे. किती दिवस?"

"इथल्या सगळ्या रबरी नळ्या जुन्या झाल्या. कोणती फाटली शोधतो. मुंबईहून नळी मागवतो. सोमवारपर्यंत ठेवा."

सोमवारपर्यंत! आणि लग्न रविवारी! माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला: मंडपवाल्याने याला फितवलंय. पुरावा? पुरावा कशाला लागतो? मला वाटलं, बस्स.

"ब्रेक असा असताना चालवू नका ताई," तो मागून म्हणत होता. मी ट्रक काढलासुद्धा.

आता माझं डोकं कसं चालतं ते बघा. हवेचा लीक कसा शोधतात हे मला मिस्त्रीने शिकवायचं? गॅसचा सिलिंडर लावायला येतो तो माणूस काय करतो? नळीला साबणाचा फेस लावतो. लीक असेल तर बुडबुडा येतो. पंक्चरवाला काय करतो? ट्यूब पाण्यात बुडवतो. लीक असेल तर बुडबुडा येतो. हवा गॅसची असो, टायरची असो, बुडबुडा आल्याशिवाय लीक नाही. हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं, पण असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीभर साबणाचं पाणी केलं, मालकांचा दाढीचा ब्रश घेतला, इंजिन चालू केलं आणि फासायला लागले.

"अगं, माझा ब्रश..." मालक म्हणाले.

"दाढी उद्या करा. तुमच्याकडे कोण बघतंय?"

एकूण एक नळी फेसाने माखली. डोळे फाडून बघितलं. एक बुडबुडा नाही! उलट झालं काय, मागच्या बाजूच्या एका जाड नळीला फेस लागला आणि ट्रकचं थडथडणं एकदम थांबलं. सूंऽऽ आवाज गेला. इंजिन असं मऊ चालायला लागलं, जसं मांजर मांडीवर घुरघुरतंय. ब्रेक दाबला, लोण्यासारखा!

मी कमरेवर हात ठेवले. "बघितलं? लीकही नाही न् बिकही नाही. गाडी मळली होती. आंघोळ घातली, शहाणी झाली!"

मालक डोकं खाजवत म्हणाले, "पण मिस्त्री म्हणत होते..."

"मिस्त्री म्हणतील तुमचा नवरा हरवलाय, मी बसू का रडत?"

इथे थांबायला काय हरकत होती? गप भांडी भरली असती, लग्न लावून आले असते. पण नाही! खोट्या माणसाला चारचौघांत खोटा ठरवल्याशिवाय माझा चहा गोड होत नाही. बादली, ब्रश आणि नवरा, तिघांना ट्रकमध्ये घातलं आणि निघाले द्वारकेला. वाटेत थडथड पुन्हा सुरू झाली. मी म्हटलं, मळली असेल.

गॅरेजसमोर ट्रक आडवा लावला, बॉनेट उघडलं आणि आवाज दिला, "ओ मिस्त्री! या बाहेर! लीक दाखवा!"

द्वारकेवर गर्दी जमायला काय लागतं? रिक्षावाले आले, पानवाला आला, हातातला ग्लास घेऊन चहावाला आला. मी सगळ्यांच्या समोर नळ्यांना फेस फासला. ट्रक मांजर झाला.

"आता दाखवा! एक तरी बुडबुडा दाखवा! एक दाखवा, मी तुमच्या गॅरेजात महिनाभर झाडू मारते!"

युसूफमिस्त्री हात पुसत आले. वाकून बघितलं. फेस कुठे लावल्यावर आवाज थांबला ते त्यांनी बरोबर बघितलं. हसलेही जरासे.

"ताई, तुम्हीच लीक शोधून दिला. ही नळी. बुडबुडा नाही येणार, कारण हवा..."

"नाही येणार! ऐका हो सगळे! स्वतःच्या तोंडाने म्हणाले, नाही येणार!"

"मेरी पूरी बात तो सुनो, ताई. हवा जी आहे..."

"हवा तुमच्या डोक्यात आहे!"

रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काय, मला वाटलं मी निवडणूक जिंकले. मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले. "बरं ताई, तुमचं खरं. पण ब्रेक सांभाळा." आणि एका कागदावर गॅरेजचा फोन नंबर लिहून तो गपचूप मालकांच्या खिशात घातला. मालकांनी तो घेतला. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

रविवारी सकाळी आठला भांडी भरून निघालो. मालकांना शेजारी बसवलं, मांडीवर साबणाची बादली, तिच्यात मग, हातात ब्रश. कारण तोवर मला एवढं कळलं होतं की फेस वाळला की गाडी पुन्हा थडथडते. माझं निदान काय? गाडीला साबणाची सवय लागली! माणसाला तंबाखूची लागते तशी.

आडगाव नाक्याला पहिली थडथड. थांबलो, मालकांनी फेस लावला. गाडीत बसता बसता बोटाकडे बघत म्हणाले, "अगं, एक गंमत सांगू? ती नळी ना..."

"गंमत विंचूरला सांगा. वेळ चाललाय!"

आम्ही ओझरच्या हायवेने नाही, औरंगाबाद रोडने चाललो होतो. त्यामुळे ट्रक कमी, उसाच्या बैलगाड्या जास्त. अशाच एका बैलगाडीमागे ब्रेक अचानक दगड झाला. मी सीटवर जवळजवळ उभी राहिले ब्रेकवर. थांबली! पण मालकांच्या मांडीवरची बादली उडाली, समोरच्या काचेवर आपटून उलटी फिरली, अर्धी त्यांच्या अंगावर आणि अर्धी मागच्या खिडकीतून पातेल्यांत. मालक दिसेनासे झाले. नुसता फेस आणि दोन डोळे.

फेस म्हणाला, "मी म्हणतो, ती नळी बाहेर नाही फेकत..."

"गप बसा! आधी तोंड पुसा!"

वाटेतल्या हापशावर बादली पुन्हा भरून साबण कालवला, तोच चांदोरी फाट्याच्या अलीकडे तिसरी थडथड. एव्हाना साडेदहा वाजले होते आणि माझा धीर संपला होता. "थेंब थेंब काय लावता? घाला की मगभर!" मी वरून ओरडले. मालक आज्ञाधारक. ओतला मग.

ट्रक एकदा गुरगुरला. एकदा शिंकला. मागून पांढरा धूर सोडला आणि मेला.

सगळं शांत. किल्ली फिरवली, नुसतं कण्हला. विंचूर अजून केवढं लांब! तिकडे आचारी चुली पेटवून बसलेले, सहाशे माणसं जेवायला येणार, मुलीचा बाप माझ्या शब्दावर विसंबलेला आणि मी रस्त्यात साबण खेळतेय. मंडपवाल्याचं हसू इथपर्यंत ऐकू यायला लागलं.

मालक बॉनेटपाशी उभे होते. हळूच म्हणाले, "आता बोलू का?"

मी खाली उतरले. त्यांनी त्यालाच हो समजलं.

"ती नळी हवा बाहेर फेकत नाही. आत ओढते. आडगावला माझं बोट चिरेवर पडलं तर तिने धरून ठेवलं, वासराने आचळ धरावं तसं. म्हणून बुडबुडा येत नाही. फेससुद्धा आतच ओढला जातो, म्हणून थोडा वेळ चीर बुजते. आणि आता तू अख्खा मग..."

पुढचं ते बोलले नाहीत. सज्जन माणूस.

फाट्यावर एसटीडीचा बूथ होता. मी मालकांना म्हटलं, "मिस्त्रींना फोन लावा."

"तूच लाव. मला बोलायची सवय राहिली नाही."

घेतला कागद, लावला फोन.

"हॅलो, मिस्त्री... मी बोलतेय. पातेलीवाली."

"कौन पातेलीवाली?"

अभिमान गिळला. "साबणवाली."

तिकडून अगदी प्रेमाने प्रश्न, "हां ताई! बोला. बुडबुडा आला?"

शप्पथ सांगते, सासूने वीस वर्षांत मारले नाहीत एवढे टोमणे त्या एका प्रश्नात होते. मी म्हटलं, "मिस्त्री, चुकले. हवा आत जाते, कळलं मला. पाणी पण आत गेलंय. लग्नाची भांडी आहेत. मुलीचा बाप वाट बघतोय."

आवाज लगेच बदलला. "ताई, घाबरू नका. आता मी बोलतो, तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही. जमेल?"

"जम..."

"बोलल्या बघा."

मी पदर तोंडात धरला. खरंच धरला, बूथवाला साक्षीला आहे. मिस्त्रींनी सांगितलं: पंधरा मिनिटं गाडीला हात लावू नका, पाणी थोडंच गेलं असेल, उडून जाईल. तोवर सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी कापून घ्या. नळी कोरडी पुसा, चिरेवर पट्टी ताणून ताणून गुंडाळा, वरून तारेने आवळा. गाडी चालू करून जागेवरच ब्रेक दाबून बघा. मऊ लागला तरच निघा, आणि विंचूरपर्यंत सावकाश.

एवढंच होतं. सायकलच्या ट्यूबची वीतभर पट्टी! हे सगळं बुधवारी द्वारकेवर उभ्या उभ्या झालं असतं, मी त्याला एक वाक्य पुरं करू दिलं असतं तर.

पट्टी मीच गुंडाळली. आधी चिरेवर बोट ठेवून बघितलं, गाडी दोन-तीन वेळा खोकून चालू झाल्यावर. खरंच, बाई गं! चप्पकन धरलं बोट. मग पट्टी आवळली, तार पिळली. थडथड बंद. ब्रेक लोणी. पुढे गियर असे बदलले की मालकांना कळलंही नाही. झोपले होते म्हणा ते. दमले होते बिचारे.

विंचूरला पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. रामदासभाऊ मांडवाच्या तोंडाशी उभे, घामाने भिजलेले. "जय भीम ताई! माझा तर जीव इथे अडकला होता," म्हणत त्यांनी गळ्याला हात लावला. मंडपवाल्याचा माणूस तिथेच घुटमळत होता, त्याची भांडी घेऊन टेम्पो कोपऱ्यावर तयार. बघितलं ना? फितवाफितवीचा माझा संशय अगदीच खोटा नव्हता. माणूस तेवढा चुकीचा पकडला होता.

आचाऱ्याने पहिलं पातेलं उतरवलं, आत हात फिरवला, वास घेतला. मला बादली आठवली. सगळ्या भांड्यांत साबण!

तो वळून ओरडला, "भाऊ, बघा! भाड्याची भांडी कोणी घासून आणलेली मी जन्मात पहिल्यांदा बघतोय! नुसती विसळून घ्या रे!"

मी पदर सारखा केला. "आमच्याकडे पद्धतच आहे," म्हटलं. मालकांना ठसका लागला.

सोमवारी सकाळी युसूफमिस्त्रींकडे गेले. हातात लग्नातल्या बुंदीचा डबा आणि केरसुणी. बोलले होते ना, महिनाभर झाडू मारते म्हणून? शब्द म्हणजे शब्द. त्यांनी केरसुणी घेतली नाही, बुंदी घेतली. मी ट्रक काढून नेला तरी त्यांनी मागवून ठेवलेली मुंबईची नळी आली होती. ती बसवली, मग मीटर जोडलं आणि मला पुढे बोलावलं.

"बघा ताई."

सुई एकोणीसवर उभी. जराही हलत नव्हती. तेच रिक्षावाले, तोच पानवाला, सगळे मान लांब करून बघत होते. मिस्त्रींनी त्या दिवशी मी अडवलेलं वाक्य शांतपणे पुरं केलं, "इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीवर ब्रेक हलका होतो, त्या ओढीवरच गाडीला कळतं गियर कधी बदलायचा. ओढ फुकट गेली की सगळंच बिघडतं."

मी मान हलवत होते. एकदाही मध्ये बोलले नाही. आणि मग कोण बोललं असेल? आमचे मालक! वीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने चारचौघांत तोंड उघडलं नाही, तो पुढे आला, मीटरला हात लावून बघितलं आणि सरळ चेहऱ्याने विचारलं, "मिस्त्री, हे माणसाला लावता येतं का? घरी एक जण आहे. बाहेर किती जातं ते मला माहीत आहे. आत काही जातं का, तेवढं बघायचं होतं."

युसूफमिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मीटर हळूच काढून फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "नको दादा. सुई तुटेल."

अख्खी द्वारका हसली. चहावाल्याच्या हातातला ग्लास फुटला. मी दोघांचं काय करायचं ते ठरवून, कमरेवर हात ठेवून, चांगलं मोठं तोंड उघडलं. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदाच नुसती हवा आत गेली, बाहेर काही आलं नाही.